गोवर उतरल्यानंतरचे महिने : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

गोवराविषयी गेल्या अंकात आलेल्या मजकुरावर जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख पुरळ, ताप आणि लसीच्या तारखा यांवर होता. सहा पत्रे मात्र निरनिराळ्या वाटांनी एकाच मुद्द्याशी आली. ताप उतरला, अंगावरचे डाग काळवंडून सालपटे निघाली, म्हणजे गोवर संपला का, असे त्यांना विचारायचे होते. या वेळचे सदर त्या सहा पत्रांसाठी ठेवले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. 1964 साली मी नऊ वर्षांची असताना आमच्या घरी तिन्ही मुलांना गोवर निघाला. आधी मला, आणि दहा-बारा दिवसांनी दोन्ही धाकट्या भावंडांना एकदमच. दोन वर्षांचा भाऊ त्यातून उठला, अंगणात खेळूही लागला. पण त्याचे खाणे पूर्वीसारखे झाले नाही, हगवण लागून राहिली आणि चार महिन्यांनी तो गेला. आजी अखेरपर्यंत म्हणत असे, ‘त्याचा गोवर आतच राहिला.’ डॉक्टरांनी मात्र हगवणीने गेला असे सांगितले होते. दोघांपैकी बरोबर कोण होते? (एक वाचक, तालुका अकोले)

उत्तर : साठ वर्षांपूर्वी गेलेल्या एका मुलाविषयी आज ठामपणे काही सांगणे उचित होणार नाही. मात्र आपण लिहिलेला क्रम, म्हणजे गोवर, मग थोडी उभारी, मग मंदावलेली भूक, न थांबणारी हगवण आणि काही महिन्यांनी मृत्यू, हा गरीब देशांतील बालमृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अशा मृत्यूची नोंद कोणाच्या खात्यावर करायची, हा मोजणीतला जुना पेच आहे. प्रचलित नियमानुसार पुरळ उमटल्यापासून 30 दिवसांच्या आत मूल दगावले आणि अपघातासारखे उघड वेगळे कारण नसले, तर तो मृत्यू गोवराचा धरतात. एकतिसाव्या दिवसानंतर तेच मूल गेले, तर ते हगवणीच्या किंवा न्यूमोनियाच्या रकान्यात जाते. कागदापुरते आपले डॉक्टर चुकले नव्हते.

शरीरात काय घडते ते आता पाहू. गोवराचा विषाणू त्वचेपेक्षा आतल्या अस्तरांचे नुकसान अधिक करतो. तोंड, श्वासनलिका आणि आतडे या तिन्ही ठिकाणचे अस्तर सोलवटते. तोंड आलेले लहान मूल अंगावरचे दूध ओढत नाही, घास गिळत नाही, आणि त्याच वेळी आतडे खाल्लेले नीट शोषून घेत नाही. डेव्हिड मॉर्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी नायजेरियातील इमेसी-इले या गावात मुलांची वजने नियमाने नोंदवली, तेव्हा गोवरानंतर वजनाची रेघ खाली कोसळते आणि ती पूर्वीच्या उंचीवर यायला कित्येक आठवडे लागतात, हे कागदावर उमटून दिसले. या काळात मूल ‘बरे’ असते, खेळतेही. पण त्याच्या अंगात गंगाजळी उरलेली नसते. एखादी साधी हगवण, जी एरवी चार दिवसांत आटोक्यात आली असती, ती अशा मुलाला पुरून उरते.

दुसरी गोष्ट प्रतिकारशक्तीची. 1908 मध्ये व्हिएन्नातील क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांच्या असे ध्यानात आले की, क्षयाच्या त्वचाचाचणीला एरवी प्रतिसाद देणारी मुले गोवराच्या काळात तो देत नाहीत. शरीराला ओळखीच्या जंतूची ओळख तात्पुरती पटेनाशी होते, हा त्याचा अर्थ. ही विस्मृती तात्पुरतीच असते, असे नंतर बराच काळ मानले गेले. पुढे कळले की, गोवराचा विषाणू ज्या रेणूला धरून पेशीत शिरतो, तो रेणू प्रतिकारसंस्थेच्या स्मृतिपेशींवर भरपूर असतो. आधीच्या आजारांची आठवण सांभाळणाऱ्या पेशीच त्याच्या तावडीत सापडतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या 77 मुलांचे, गोवर होण्यापूर्वीचे आणि झाल्यानंतरचे रक्त तपासले गेले. गोवरानंतर या मुलांच्या रक्तातून इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे त्या जंतूंना ओळखून अडवणाऱ्या प्रथिनांच्या, भांडारातील 11 ते 73 टक्के भाग नाहीसा झालेला आढळला. लस घेतलेल्या मुलांत अशी घट दिसली नाही.

यात एक विलक्षण विसंगती आहे. स्वतःची आठवण मात्र गोवर जन्मभरासाठी कोरून ठेवतो. 1846 मध्ये फेरो बेटांवर मोठी साथ आली, तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांनी नोंदवले की, 1781 च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाही तो 65 वर्षांनंतर पुन्हा झाला नाही.

नेदरलँड्समधील मुले धडधाकट होती आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. गमावलेल्या प्रतिपिंडांची भरपाई त्या त्या जंतूशी पुन्हा गाठ पडून होते. ज्या गावात पाणी विहिरीचे, घर एका खोलीचे आणि डॉक्टर एक दिवसाच्या वाटेवर, तिथे ही ‘पुन्हा गाठ’ म्हणजे पुन्हा एक पुरता आजार असतो. आपल्या आजींची उपपत्ती आज कोणी मान्य करणार नाही. पुरळ आत राहत नाही, आणि ते ‘बाहेर काढण्यासाठी’ मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडून, आंघोळ आणि अन्न तोडून ठेवण्याच्या पद्धतीने पुष्कळ नुकसान केले. मात्र त्यांचे निरीक्षण डॉक्टरांच्या नोंदीपेक्षा चार महिने लांबवर पोहोचले होते.

आपल्या पत्रातील ‘आधी मला’ हे शब्द वाचताना थोडा थांबलो. घरात पहिल्यांदा ज्याला गोवर होतो त्याच्यापेक्षा त्याच्यापासून ज्यांना होतो त्या भावंडांना तो जास्त जोरात होतो, हे पुढे अभ्यासांतून दिसले आहे. कारण एकाच घरात रात्रंदिवस राहिल्याने विषाणूची मात्रा मोठी मिळते. हे आपण कुठे वाचले असेल आणि त्यापायी मनाला काही लावून घेतले असेल, तर तसे करू नका. 1964 साली आपल्याकडील गावांत गोवराची लस पोहोचलेली नव्हती. त्या घरातला गोवर अडवणे कोणाच्याही हाती नव्हते, नऊ वर्षांच्या मुलीच्या तर नव्हतेच.

प्रश्न : मी सांख्यिकीची विद्यार्थिनी आहे. गोवराने दगावणारी मुले मुळातच कुपोषित असतात, मग लस देऊन गोवर टाळला तरी ती दुसऱ्या कशाने तरी दगावणारच, असा युक्तिवाद एका व्याख्यानात ऐकला. आकडेवारीत याला उत्तर आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हा युक्तिवाद एकेकाळी प्रतिष्ठित नियतकालिकांतून केला गेला आहे, तेव्हा त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. तेव्हाच्या झाईरमधील, म्हणजे आताच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील, कासोंगो येथील एका प्रकल्पाने 1981 मध्ये असे मांडले की, लस दिलेली मुले गोवराच्या वयात वाचतात खरी, पण त्यांना मिळालेला हा लाभ पुढच्या वर्षांत झिजत जातो. मृत्यू टळत नाहीत, फक्त पुढे ढकलले जातात, असा त्याचा अर्थ लावला गेला. गरीब देशांनी मोजक्या पैशांत लस घ्यावी की अन्न द्यावे, हा वाद तेव्हा जोरात असल्याने या निष्कर्षाला अनेक ठिकाणी कान मिळाले.

त्याचे सर्वांत भक्कम उत्तर बांगलादेशातील मतलब या ग्रामीण भागातून आले. तिथे प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर घरोघर जाऊन नोंदवले जात असे. 1982 पासून तिथल्या काही भागात नऊ महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांना गोवराची लस देणे सुरू झाले. संशोधकांनी लस घेतलेल्या 8,135 मुलांपैकी प्रत्येकाला लस न घेतलेल्या एकेका मुलाची जोडी लावली आणि ऑक्टोबर 1985 पर्यंत पाठपुरावा केला. लस घेतलेल्या मुलांतील मृत्युदर 46 टक्क्यांपर्यंत कमी आढळला. टळलेले मृत्यू वर्षा-दोन वर्षांनी भरून निघाले, असे काही दिसले नाही.

या 46 या आकड्यापाशी तुमच्यासारख्या विद्यार्थिनीने अडखळायला हवे. त्या काळी त्या वयाच्या मुलांच्या एकूण मृत्यूंपैकी गोवराच्या खात्यावर नोंदले जाणारे मृत्यू निम्म्याच्या जवळपासही नव्हते. मग गोवराची लस निम्मे मृत्यू कसे टाळते? पश्चिम आफ्रिकेत हाच प्रश्न आणखी आधी एका माणसाला पडला होता. पीटर ओबी हे डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ 1978 मध्ये कुपोषणाचा अभ्यास करण्यासाठी गिनी-बिसाऊत गेले आणि राजधानीतील बांदिम या वस्तीत त्यांनी घरोघरची नोंद सुरू केली. पुढच्याच वर्षी तिथे गोवराची भयानक साथ आली. मुलांची वजने साथीपूर्वीच घेतलेली असल्याने त्यांना जी तुलना करता आली, ती क्वचितच कोणाला करता येते. दगावलेली मुले साथीपूर्वी इतरांहून अधिक कुपोषित होती का? तसे आढळले नाही. मृत्यूचा संबंध कुपोषणापेक्षा गर्दीशी, एकाच घरात किती मुले एकदम आजारी पडली याच्याशी जास्त लागला. ‘कुपोषित म्हणूनच दगावली’ या गृहीतकाला तिथे पहिला मोठा तडा गेला. ओबी पुढे अनेक दशके त्या वस्तीत काम करत राहिले. 1995 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी विकसनशील देशांतील अशा अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा लसीमुळे एकूण मृत्यूंत 30 ते 86 टक्के घट झाल्याचे वेगवेगळ्या ठिकाणी दिसत होते. गोवराचे थेट मृत्यू टळल्याने जेवढी घट अपेक्षित होती त्याहून ही जास्त होती.

या जादा घटीची दोन स्पष्टीकरणे दिली जातात आणि ती वेगळी ठेवली पाहिजेत. पहिले असे की, गोवर झालेले मूल महिनोन्‌महिने दुबळे राहते, लस त्याला गोवर होऊ देत नाही, म्हणून नंतरचे मृत्यूही टळतात. 2015 मध्ये मायकेल मीना आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्क यांच्या जुन्या नोंदी तपासून दाखवले की, ज्या काळात गोवर जास्त, त्यानंतरची दोन ते तीन वर्षे इतर संसर्गांनी होणारे बालमृत्यूही जास्त. दुसरे स्पष्टीकरण असे की, गोवराच्या लसीतला जिवंत, दुबळा केलेला विषाणू प्रतिकारसंस्थेलाच सर्वसाधारण तालीम देतो आणि त्याचा गोवराशी संबंध असेलच असे नाही.

ओबी दुसऱ्या बाजूचे आहेत आणि त्यांचा आधार पोकळ नाही. सेनेगलमधील ग्रामीण भागात त्यांनी केलेल्या अभ्यासांत, गोवरातून वाचलेली मुले पुढे गोवर न झालेल्या मुलांपेक्षा जास्त दगावली नाहीत. उलट बांदिममध्ये असे दिसले होते की, वयाचे सहा महिने पूर्ण होण्याआधी घरातल्या कोणाच्या तरी गोवराच्या सान्निध्यात आलेली अर्भके पुढील वर्षांत कितीतरी अधिक प्रमाणात दगावली. या दोन गोष्टी एका सूत्रात बसवणे सोपे नाही. जी मुले दुबळी असतात ती पहिल्याच महिन्यात जातात, म्हणून मागे उरलेली तगडी दिसतात, हा एक खुलासा होऊ शकतो. दुसरीकडे, ब्रिटनमधील दवाखान्यांच्या नोंदींत गोवर झालेल्या मुलांना पुढची पाच वर्षे इतर संसर्गांसाठी जास्त औषधोपचार लागल्याचे दिसले. तिथे मुले दगावली नाहीत, पण आजारी पडत राहिली.

जादा लाभाचा दावाही प्रत्येक वेळी टिकलेला नाही. साडेचार महिन्यांच्या वयात एक आगाऊ डोस दिल्याने एकूण मृत्यू घटतात, असे गिनी-बिसाऊतील एका यादृच्छिक, म्हणजे कोणाला डोस द्यायचा ते सोडतीने ठरवणाऱ्या, चाचणीत दिसले, परंतु नंतरच्या चाचण्यांत ते तसेच पुन्हा दिसले नाही. लस घेणारी घरे आणि न घेणारी घरे सारखी नसतात, हा निरीक्षणात्मक अभ्यासांचा कायमचा कच्चा दुवा आहे, आणि सांख्यिकी शिकणाऱ्या माणसाला तो मी वेगळा सांगायला नको. माझे स्वतःचे मत विचाराल, तर गोवराची लांब सावली खरी आहे, लसीच्या सर्वसाधारण तालमीविषयी मी हात राखून बोलेन, आणि ‘नाही तरी दगावणारच होती’ हा युक्तिवाद मतलबमध्येच निकालात निघाला आहे.

प्रश्न : आफ्रिकेत गोवराच्या लसीने मुली दगावल्या आणि ती लस आपल्या पुण्यात बनते, असा एक संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. माझ्या सुनेने तो वाचून नातीचा डोस पुढे ढकलला. यात तथ्य किती? (एक आजोबा, सातारा)

उत्तर : तथ्याचा एक तुकडा आहे, म्हणूनच असे संदेश चिकटतात. नऊ महिन्यांच्या आधी गोवर होऊन दगावणाऱ्या अर्भकांना वाचवता यावे, यासाठी 1980 च्या दशकात नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त विषाणू असलेली एक तीव्र मात्रेची लस चार ते सहा महिन्यांच्या वयात देऊन पाहिली गेली. ती गोवर रोखत होती. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये, जिथे गोवर फार लहान वयात होतो अशा भागांसाठी तिची शिफारसही केली. त्यानंतर गिनी-बिसाऊ, सेनेगल आणि हैती येथील पाठपुराव्यात दिसले की, ही तीव्र लस घेतलेल्या मुलींतील मृत्यू, नेहमीची लस नेहमीच्या वयात घेतलेल्या मुलींपेक्षा जास्त आहेत. त्यांना गोवर झालेला नव्हता, तरीही. 1992 मध्ये ती शिफारस मागे घेतली गेली आणि ती लस वापरातून गेली. मुलींवरच हा परिणाम का झाला, यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही. त्या तीव्र लसीनंतर दिल्या गेलेल्या इतर लसींच्या क्रमाकडे काही जण बोट दाखवतात.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या गोवराच्या लसीतील विषाणूचा वाणही त्या तीव्र लसीतल्याप्रमाणे एडमन्स्टन-झाग्रेब याच नावाचा आहे आणि संदेश लिहिणाऱ्याने तेवढेच उचलले आहे. नाव तेच असले तरी मात्रा नेहमीची आहे आणि ती नऊ महिन्यांनंतर दिली जाते. मतलबसह ज्या अभ्यासांत मृत्यू घटलेले दिसले, त्या सर्वांत दिलेली लस नेहमीच्या मात्रेची होती, आणि मुलींना तिचा लाभ मुलांपेक्षा कमी नाही, काही ठिकाणी तर जास्तच आढळला. सूनबाईंना हा सगळा मजकूर वाचायला द्या. ‘सगळे खोटे आहे’ एवढेच सांगाल, तर तो संदेश पाठवणारा त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीतगार वाटेल.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. पाड्यावर गोवर आला की लोक मुलाला घरातच ठेवतात, कडुनिंबाचा पाला बांधतात आणि पंधरा दिवस दवाखान्यात नेत नाहीत. गोवरानंतर जी मुले सुकत जातात, त्यांच्यासाठी आमच्या हातात काय आहे? (एक सेविका, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : ताई, तुमच्या हातात पुष्कळ आहे, आणि त्यातले पहिले म्हणजे अ जीवनसत्त्व. गोवरात शरीरातला या जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने संपतो. डोळ्याचे बुबुळ कोरडे पडून फुटण्यापर्यंत वेळ येते ती यामुळेच, आणि गरीब देशांत कित्येक मुले गोवरानंतर याच वाटेने आंधळी झाली. केप टाऊनमधील एका रुग्णालयात तीव्र गोवर झालेल्या 189 मुलांवर चाचणी झाली आणि 1990 मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण 12 मुले दगावली, त्यांपैकी अ जीवनसत्त्व मिळालेली केवळ 2 होती आणि न मिळालेली 10. इतक्या स्वस्त औषधाचा इतका स्पष्ट परिणाम वैद्यकात क्वचित पाहायला मिळतो. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला, आधी नियमित डोस मिळालेला असला तरी, लागोपाठ दोन दिवस हे द्यायचे असते: सहा महिन्यांखालील बाळाला दर वेळी 50 हजार एकक, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला 1 लाख, आणि वर्षावरील मुलाला 2 लाख. डोळ्यांत दोष दिसत असेल, तर दोन ते सहा आठवड्यांनी तिसरी मात्रा. हे आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या सांगण्यावरूनच द्या, पण मूल तिथवर पोहोचेल आणि दुसऱ्या दिवशीची मात्रा चुकणार नाही, हे पाहणे तुमच्याकडे आहे. अनुभव असा की पहिली मात्रा मिळते आणि दुसरी राहते.

कडुनिंबाच्या पाल्याशी भांडू नका. दारावर डहाळी असल्याने कोणी दगावत नाही. उलट ‘इथे गोवर आहे, मुले आणू नका’ अशी ती खूण ठरत असेल तर बरेच. भांडायचे ते अन्न तोडण्याशी. तोंड आलेल्या मुलाला तिखट-आंबट नको, पण पातळ भात, पेज, वरण, कुस्करलेले केळे थोडे थोडे, दिवसातून सहा-सात वेळा चालते. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध ओढवत नसेल, तर आईने दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे.

तुमच्या वहीतला वाढीचा तक्ता इथे कामाला येतो. वर ज्या मॉर्लींचा उल्लेख आला, त्यांनी असा तक्ता आईच्या हाती देण्याची पद्धत नायजेरियाच्या त्या गावातून जगभर नेली. गोवर होऊन गेलेल्या मुलाच्या तक्त्यावर त्या महिन्यापाशी एक खूण करा आणि पुढचे किमान सहा महिने त्याचे वजन चुकवू नका. रेघ दोन महिने सपाट राहिली, तर ते मूल खेळताना दिसत असले तरी त्याला तपासायला पाठवा. आणि गोवराच्या घरात एक वर्षाखालचे दुसरे बाळ असेल, तर आपली नजर आजारी मुलाइतकीच त्याच्यावरही हवी.

प्रश्न : माझ्या मुलाला 2022 च्या साथीत, आठ महिन्यांचा असताना, गोवर झाला होता. पुढे काही वर्षांनी मेंदूवर परिणाम होतो असे कळल्यापासून मला झोप लागत नाही. (एक आई, भिवंडी)

उत्तर : तुम्ही वाचलेला आजार खरा आहे, आणि तो अतिशय विरळ आहे. गोवराचा विषाणू काही मुलांच्या मेंदूत दडून राहतो आणि साधारण सात ते दहा वर्षांनी हळूहळू वाढणारा मेंदूदाह होतो. त्याला गुणकारी औषध नाही. गोवर झालेल्या एक लाख मुलांमागे हे प्रमाण 4 ते 11 असल्याचे अंदाज आहेत. फार लहान वयात गोवर झालेल्यांत ते याहून जास्त असते, हे तुमच्यापासून लपवत नाही; तरीही तुमच्या मुलाला तो होणार नाही याचीच शक्यता कितीतरी पटींनी अधिक आहे. रोज त्याच्याकडे संशयाने पाहू नका. शाळेतला अभ्यास कारण नसताना झपाट्याने घसरला, स्वभाव बदलला, चालता चालता अंगाला हिसके बसू लागले, हातातल्या वस्तू पडू लागल्या, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि बाळपणी गोवर झाला होता हे आवर्जून सांगा. त्या वर्षी गोवंडी, मालेगाव आणि तुमच्या भिवंडीत बाधित झालेली बरीच मुले लस न मिळालेली किंवा लसीच्या वयाआधीची होती. म्हणूनच तेव्हा साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस देण्याचे ठरले. तो डोस हिशेबात धरत नाहीत. ज्यांच्या बाळांना तो मिळाला, त्यांनीही नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला, असे दोन्ही डोस घ्यायचेच असतात.

प्रश्न : गोवराने आधीची प्रतिकारशक्ती पुसली जाते, तर गोवर झालेल्या मुलाला बाकीच्या सगळ्या लसी नव्याने द्यायला हव्यात का? माझी मुलगी तीन वर्षांची असून गेल्या महिन्यात तिला गोवर झाला. (एक वडील, जालना)

उत्तर : प्रश्न तर्काला धरून आहे आणि संशोधकांनीही तो विचारला आहे. सर्व लसी पुन्हा द्याव्यात, अशी शिफारस सध्याच्या राष्ट्रीय वेळापत्रकात नाही. पुसले जाते ते सर्वच्या सर्व नसते आणि प्रत्येक मुलात सारखेही नसते. तिचे लसीकरणाचे कार्ड घेऊन आरोग्य केंद्रात जा, राहिलेले डोस असतील ते पूर्ण करून घ्या, आणि गोवर होऊन गेला असला तरी गोवर-रुबेलाची लस टाळू नका. गोवरावाचूनही पुरळ येते आणि रुबेला तर तिला झालेला नाही. अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा मिळाल्या होत्या का, तेही विचारा.

पुढचे वर्षभर तिला ताप-खोकला झाला की एरवीपेक्षा एक दिवस आधी दवाखाना गाठा. गोवरानंतर मुले जातात ती बहुधा न्यूमोनियाने, आणि तो ओळखण्यासाठी घड्याळ पुरते. ती शांत झोपलेली किंवा मांडीवर स्वस्थ बसलेली असताना झबले वर करून, छाती-पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास सारख्या लयीत चालत नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त श्वास, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.